चौथ्या कॅम्पचा फोन

प्रिय बाबा,

'प्रिय' लिहिताना हात दोनदा अडला, पण लिहिलं ते खोडत नाही. पत्र लिहितेय कारण दुसरा रस्ता तुम्ही ठेवलेलाच नाही. फोन केला की "घे, तुझ्या आईशी बोल" म्हणून तुम्ही मोकळे. घरी आले की नेमकी तेव्हाच तुम्हाला चप्पल शिवून आणायची असते. गेल्या तीन रविवारी तुम्ही तीनदा चप्पल शिवून आणलीत, बाबा. एवढी तर सैन्यातल्या माणसाची झिजत नाही. आता हे शेवटपर्यंत वाचा, आणि स्वतः वाचा. आईच्या हातात देऊन "काय म्हणतेय ती?" असं विचारू नका.

सुरुवात तुम्हाला माहीत आहे, तरी पुन्हा सांगते, कारण त्यातला तुमचा भाग तुम्ही सोयीने विसरलेले दिसताय. नऊ वर्षं मी लिफ्ट तपासायचं काम करते. नऊ वर्षांत पहिल्यांदा सलग दहा दिवसांची रजा मागितली आणि मिळाली. माझी कामावरची जोडीदारीणही निघाली. तीच, जी मी शाफ्टमध्ये उतरले की वर पॅनेलपाशी उभी राहते आणि मी हाक दिल्याशिवाय कुणाला बटणाला हात लावू देत नाही. आम्ही ठरवलं, कुठल्या तरी गरम समुद्राकाठी जायचं, नारळाखाली लोळायचं आणि सर्फिंग शिकायचं. मग महिनाभर डब्याच्या सुट्टीत आमचं तेच. इंटरनेटवर चाळीसेक कॅम्प बघितले असतील. सगळीकडे तोच सूर्यास्त, तीच रापलेली पोरं बत्तिशी दाखवणारी, आणि खाली 'लाटेवर स्वार व्हा'. शिकवतं कोण, किती जणांमागे एक, पाण्याखाली वाळू आहे की खडक, यातलं काही विचारलं की गोड गोड उत्तरं. चाळणी लावून लावून चार उरले. ते चार कागदावर छापून मी कुणाकडे घेऊन आले? तुमच्याकडे. पाण्यातलं विचारायला दुसरं कोण आहे मला? तीस वर्षं नगरपालिकेच्या तलावावर पोहायला शिकवलंत. अर्धं गाव तुम्हाला 'शिट्टीसर' म्हणून ओळखतं.

काय खूश झाले होते मी त्या दिवशी! तुम्ही चष्मा पुसलात, टेबलावर चारही कागद मांडलेत आणि तासभर मान वर केली नाहीत. पहिल्याचा तळ खडकाळ, पडलीस तर गुडघे फोडून घेशील. दुसऱ्याकडे आठ जणांमागे एक शिकवणारा, हे शिकवणं नाही, मेंढरं हाकणं आहे. तिसरा बरा, पण त्या महिन्यात तिथे पाण्याला ओढ फार. चौथा छोटा, फोटोही धड नाहीत, पण वाळूचा तळ, सुरुवातीला कमरेएवढंच पाणी, चार जणांमागे एक बाई, आणि ती बाई स्वतः वीस वर्षं त्याच किनाऱ्यावर. "घ्यायचाच तर हा घे," म्हणालात. मग चौघांचेही फोन नंबर तुमच्या डायरीत उतरवून घेतलेत. मी विचारलं, कशाला? तर, "असू देत, तू तिकडे गेल्यावर लागले तर." जिना उतरता उतरता मी जोडीदारणीला फोन केला आणि सांगितलं, बाबा निवळले गं. एवढी अक्कल पाजळली मी.

मी चारही ठिकाणी अर्ज केले. जिथे दोघींना जागा मिळेल तिथे जायचं, चौथा मिळाला तर उत्तम. पंधरा दिवसांत पहिल्याने कळवलं, जागा भरल्या. त्यांच्या पानावर मात्र त्याच तारखांना सहा जागा रिकाम्या दिसत होत्या. दुसऱ्याने लिहिलं, तुमच्या मैत्रिणीला घेऊ, तुम्हाला घेता येणार नाही, गैरसमज नसावा. तिसऱ्याने उत्तरच दिलं नाही. मला वाटलं माझं वय आड आलं, मग वाटलं वजन. आरशासमोर उभी राहून स्वतःला नावं ठेवली, बाबा, चौतिसाव्या वर्षी.

चौथ्या कॅम्पच्या बाईने मात्र सरळ फोन केला. मी एका हॉस्पिटलच्या तळघरात होते, हातात ग्रीस, फोन खांद्याने कानाला धरलेला. त्या म्हणाल्या, "तुमच्या अर्जात लिहिलंय, फिट कधीही आलेली नाही. आणि तुमच्या वडिलांचा मला चारदा फोन आला, की मुलीला फिट येतात, तिला पाण्यात घेऊ नका, आणि मी फोन केला हे तिला सांगू नका. मी असल्या गोष्टी लपवत नाही. मला फक्त सांगा, दोघांपैकी खरं कोण बोलतंय?" मी हसले. खरंच हसले. म्हटलं, वडील म्हातारे झालेत, काळजी करतात, काहीही बोलतात. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "म्हातारं माणूस काळजीने काहीही बोलतं, पण चार वेळा फोन करून एकच गोष्ट बोलत नाही. घरी विचारून घ्या. तुमची जागा मी महिनाअखेरपर्यंत धरून ठेवते."

त्या रविवारी मी तावातावाने घरी आले. माझा चेहरा बघून तुम्ही चप्पल शोधायला लागलात, ती पहिली चप्पल. आई मटार सोलत होती. मी तिच्यावरच बरसले. माझ्या पाठीमागे अनोळखी लोकांना फोन करून पोटच्या मुलीला रोगी ठरवतात, वयाचा तरी मान ठेवावा असं काही उरलंय का यांच्यात, असं बरंच काही. पुन्हा म्हणायला लावलंत तर पुन्हा म्हणेन. आईने सोललेले दाणे एका बाजूला सारले आणि म्हणाली, "ते खोटं नाही बोलले गं."

आता माझ्या कानांचा विषय काढू. माझे नाजूक कान. सहाव्या वर्षापासून मला सांगितलं गेलं की माझे कान नाजूक आहेत, पाणी गेलं तर पडदा फाटेल. आंघोळीच्या वेळी कापसाचे बोळे. शाळेच्या सहलीत सगळी पोरं नदीत, मी काठावर त्यांच्या चपला राखत. तुमच्या तलावावर तर मी पायऱ्यांवर बसून हजेरी घ्यायची. तुम्ही परक्यांच्या पोरांना पोटाखाली हात धरून तरंगायला शिकवायचात आणि मी त्यांच्या नावापुढे बरोबरच्या खुणा करायची. सुताराने स्वतःच्या घराला दार लावू नये तसं. सव्विसाव्या वर्षी कानाच्या डॉक्टरांना दाखवलं तेव्हा ते म्हणाले, इतके ठणठणीत कान क्वचित बघायला मिळतात. मग परगावी बदली असताना एका बाईंकडे चोरून पोहायला शिकले. चोरून, बाबा! पोहण्याच्या मास्तरची मुलगी! दोन वर्षांनी तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही वर्तमानपत्राआडून एवढंच म्हणालात, "कान सांभाळ."

आणि तो सगळा वेळ कानांना काही झालेलंच नव्हतं. आईने सांगितलं ते असं. मी सहा वर्षांची, तुमच्या सकाळच्या वर्गात. तुम्ही मला तळाशी बसून आकडे मोजायला शिकवलं होतंत, आणि मला त्या खेळाचं वेड होतं. त्या दिवशी कुणाचे तरी पालक तुमच्याशी बोलायला आले. तुम्ही वळलात. परत बघितलंत तेव्हा मी तळाशी होते. तुम्ही ताबडतोब उडी मारली नाहीत. आईला तुम्ही हॉस्पिटलच्या बाकावर सांगितलंत, "मला वाटलं ती मोजतेय." मग मला बाहेर काढलंत, माझे हातपाय झटके देत होते, ओठ निळे. आकडी आली, म्हणून बुडाली, असं तुम्ही डॉक्टरांना सांगितलंत, तेच आईला सांगितलंत, आणि मला सांगितलेत कान. दोन दिवसांनी घरी आले. मला यातलं काही आठवत नाही. पांढरी चादर आणि एक गोड औषध, एवढंच आठवतं, आणि तेही मला कानाचं औषध वाटत होतं.

तुम्ही घाबरलात याचा मला राग नाही. माझी मुलगी असती तर मीही घाबरले असते, कदाचित तुमच्याहून जास्त. राग याचा आहे की जे माझं, ते मलाच माहीत नव्हतं. लिफ्टच्या कामाला दरवर्षी एक फॉर्म भरावा लागतो. 'आजवर कधी फिट, चक्कर, बेशुद्धी?' नऊ वर्षं मी तिथे 'नाही' लिहून सही केली. नऊ खोट्या सह्या, तुमच्यामुळे. वीस मजल्यांच्या शाफ्टमध्ये लिफ्टच्या टपावर उभी राहून मी काम करते हे तुम्हाला माहीत होतं. तेव्हा नाही कुठे फोन केलात? शाफ्ट चालतो, कमरेएवढं पाणी चालत नाही? यावर मी बराच विचार केला. तेव्हा कळलं नाही, आता कळू लागलंय. शाफ्टशी तुमचा काही संबंध नव्हता, पाण्याशी होता.

सोमवारी मी ऑफिसात जाऊन साहेबांना स्वतःच सगळं सांगितलं. जोडीदारीण म्हणाली, गप्प बसली असतीस तर कुणाला कळलं असतं? पण मी वर्षभर लोकांच्या लिफ्टमधले लपवलेले दोष शोधते, स्वतःचा कसा लपवू? साहेब चांगले आहेत. म्हणाले, डॉक्टरांचं पत्र येईपर्यंत खाली उतरायचं नाही. तेव्हापासून मी टेबलाशी बसून दुसऱ्यांचे अहवाल तपासते. माझ्या जागी आलेला नवा गडी शाफ्टमध्ये शीळ घालत उतरतो, मी वर पंख्याखाली स्वल्पविराम सुधारते. जोडीदारणीने माझ्याशिवाय सर्फिंगला जायला नकार दिला, तेही ओझं माझ्याच डोक्यावर.

आणि हो, कॅम्प मी निवडला. चौथाच. तुम्ही निवडून दिला होतात म्हणून नाही. चौघांत फक्त त्या एका बाईला खरं काय ते जाणून घ्यायचं होतं, म्हणून. बाकीच्या तिघांनी तुमचा फोन ऐकून मला परस्पर वगळलं, तुमच्यासारखंच, माझ्या भल्यासाठी. तिने मला विचारलं. माझ्याबद्दलची गोष्ट तिने मला विचारली, बाबा. घरच्यांना अठ्ठावीस वर्षांत ते जमलं नाही.

आता हे पत्र कशासाठी ते सांगते. परवा मेंदूच्या डॉक्टरांकडे गेले होते. डोक्याला तारा लावून आलेख काढला, फोटो काढले, सगळं स्वच्छ. दोन पत्रं हवी आहेत म्हटलं, एक ऑफिसला, एक कॅम्पला. ते म्हणाले, देतो, पण त्याआधी मला एक गोष्ट कळायला हवी, आणि ती कुठल्याही यंत्रात दिसत नाही. आधी काय झालं? आकडी आली म्हणून मूल बुडालं, की मूल आधी बुडालं, श्वास कोंडला, आणि त्यामुळे आकडी आली? पहिलं असेल तर आजाराची नोंद माझ्या नावावर राहील, आणि ते मला आणखी तपासतील. दुसरं असेल तर मला कधीच काही झालेलं नव्हतं, आणि मग जे झालं होतं ते... हे वाक्य मी पूर्ण करत नाही. तुम्ही ते अठ्ठावीस वर्षं मनात पुरं करत आला असाल. त्या सकाळी माझ्याकडे बघणारं तुमच्याखेरीज कुणी नव्हतं. म्हणून लिहा. मी शेवटची वर दिसले तेव्हा काय करत होते, तुम्ही किती वेळ वळला होतात, तळाशी मी हलत होते की नुसती बसले होते, झटके पाण्यात आले की काठावर. डॉक्टरांना नको, मला लिहा, त्यांना मी सांगेन. माफ करेन असं वचन देऊन मी तुमच्याकडून हवं ते उत्तर काढून घेणार नाही. राग आहे, तो उत्तर काहीही असलं तरी काही दिवस राहील, आणि येत्या रविवारी मी नेहमीसारखी जेवायलाही येईन. खरंच आठवत नसेल तर 'आठवत नाही' एवढे दोनच शब्द लिहून पाठवा, मी पुन्हा विचारणार नाही. पण बाबा, तुम्हाला आठवतं.

रागातसुद्धा तुमचीच,
गोटी