बाबांच्या रायफलीचा बिल्ला

गुरुवार, २ जून १९८८
बाबांची रायफल काढली. लष्कराने मोडीत काढली तेव्हा त्यांनी ठेवून घेतलेली. तीस वर्षं दर उन्हाळ्यात गावच्या नेमबाजीच्या स्पर्धेला नेली, पण मानाचा बिल्ला एकदाही नाही! यंदा ते नाहीत. रविवारी मी नेणार. गोळी आत सरकवणारा बोल्ट जड चालतोय. तेल घातलं, तरी तसाच.

शुक्रवार, ३ जून
डोक्यात वेगळंच. दुकानासमोर रेतोला हात केला. सख्खा भाऊ — बघितलंही नाही! पोस्टाची प्रवासी बस चालवतो; महिन्यापूर्वी घाटात कठड्याला घासली. विचारलं तर, "माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय?" त्याच घाटातून रोज शाळेची चौदा पोरं नेतो.

रविवार, ५ जून
रेतो शेजारच्याच जागेवर. शेवटची फैर — एका मिनिटात सहा गोळ्या. पाच गेल्या नि मेला बोल्ट अडकला! ओढतेय, ओढतेय, तोवर वेळ संपली. मग निशाणाच्या फळ्यांखालच्या खंदकातल्या माणसांनी काठीने भोकं दाखवली. माझ्या फळ्यावर सहा. रेतोच्या फळ्यावर पाच.

आमच्या नेमबाजी मंडळाचा अध्यक्ष लुत्सी ओरडला, "रेतो, एक गोळी कुठे उधळलीस रे? गाई शाबूत आहेत ना?" सगळे खो खो हसले. रेतोही.

मला हसू कुठलं! त्याला स्वतःचा फळाही ओळखू येत नाही. तोंड उघडलं असतं तर गावभर झालं असतं. उरलेली गोळी परत द्यायची असते — मी गुपचूप खिशात टाकली. लुत्सीने मला बिल्ला लावला. चोरीचा माल! सॉसेज तसंच ताटात टाकून घरी आले.

मंगळवार, ७ जून
चूर शहरातल्या पोस्टाच्या कचेरीला पत्र टाकलं, रेतोचे डोळे तपासा म्हणून. सही केली नाही. भावाच्या पोटावर पाय दिला मी. पण ती चौदा पोरं! दिवसभर घरात येरझाऱ्या.

सोमवार, २० जून
रेतोला बसवरून उतरवलं. डोळे तपासेपर्यंत घरी. त्याच्याकडे जायला पाय उचलत नाही.

शनिवार, २५ जून
रेतोच आला. डॉक्टर म्हणे, नजर घारीची! पण तोवर घाटाची फेरी दुसऱ्याला दिली, याला चूरच्या गोदामात बसवलं.

माझ्या तोंडून निघूनच गेलं, "मग तुझी गोळी माझ्या फळ्यावर कशी?"

"अगं, तुझा बोल्ट अडकलेला बघितला. म्हटलं, बाबांच्या रायफलीला एकदा तरी बिल्ला मिळू दे."

मग कॉफी ढवळत म्हणाला, "सेराइना, ते पत्र कोणी लिहिलं असेल गं?"

मी साखर पुढे केली.