तुळसा थांबली की ढोलकी?

जे. पी. नगर, बेंगळूर
रविवार, दुपार

तीर्थस्वरूप वसुमतीअक्का हिला वासंतीचा साष्टांग नमस्कार. भाऊजींनाही सांग.

तुझ्या नव्या गुडघ्याची चौकशी मुद्दाम वेगळी करते. मागच्या पत्रात तू घरातल्या सगळ्यांची खुशाली सविस्तर लिहिलीस आणि गुडघ्याबद्दल फक्त "आहे" एवढंच लिहिलंस. हे उत्तर मी टेलिफोन खात्यात पस्तीस वर्षं ऐकलेलं आहे. (लाइन आहे का? आहे. चालते का? ते बघावं लागेल.) तेव्हा व्यायाम करतेस की नाही ते स्वच्छ कळव. आमच्याकडे सगळं ठीक आहे. यांचा रक्तदाब आटोक्यात आहे, माझा नाही, आणि त्याचं कारण सांगायलाच हे पत्र. फोन केला असता, पण मिरजेला तुमच्याकडे फोन स्पीकरवर ठेवून सगळं घर ऐकतं आणि भाऊजी मधेच बेंगळूरचं हवामान विचारतात.

तर 'तुळसाची पैज' पुन्हा रंगमंचावर आलं आहे. एकदा नाही, वर्षभरात तीन ठिकाणी. तुला ते नाटक मी काय सांगणार, सत्त्याहत्तर साली इथल्या आपल्या मराठी मंडळाने केलेल्या पहिल्याच प्रयोगात तूच तुळसा होतीस. पण हल्ली लोक ते ज्या रीतीने करतात ते बघून मला मूळ गोष्ट अधूनमधून स्वतःशी म्हणावी लागते, नाहीतर मीच विसरेन. तमाशाचा फड गावाच्या वेशीवर अडवला जातो. पाटील म्हणतो, तुमची तुळसा आमच्या ढोलकीवाल्यासमोर नाचू दे. ती आधी थांबली तर फडाने आल्या वाटेने परत जायचं, ढोलकी आधी थांबली तर गाव तुमचं. दोन अंक आणि अकरा गाणी त्या एका नाचाकडे चालत जातात. आणि छापील पुस्तकात त्या नाचाच्या जागी नाटककाराने काय लिहिलं आहे? "(पैज रंगते. पडदा.)" एवढंच. कोण जिंकलं ते नाही. बहुधा त्या गृहस्थांना वाटलं असेल, करणाऱ्यांना अक्कल असेल. हा त्यांचा एकच दोष.

पहिला प्रयोग मुंबईच्या एका व्यावसायिक कंपनीचा. मोठं सभागृह, गार हवा, शालीशिवाय बसणं अशक्य. मागे भिंतीएवढा पडदा, त्यावर गाव. गावात चित्रातली गाय चालत होती आणि ती दर दोन मिनिटांनी त्याच झाडामागून पुन्हा येत होती. (आमच्या घरच्यांनी पूर्ण पहिला अंक ती गाय मोजण्यात घालवला.) ते मी सोसलं. पण ढोलकी रेकॉर्ड केलेली होती, अक्का. पैज कुणाची, तर नाचणारीची आणि वाजवणाऱ्याची, आणि वाजवणारा नुसता हात हलवतोय. रेकॉर्डिंग दमणार कसं? बरं, हातही अर्धी मात्रा मागे. शेवटच्या नाचात काहीतरी बिघडलं आणि तेच चार बोल पुन्हा पुन्हा वाजायला लागले. ती मुलगी गोंधळून थांबली, ढोलकीवाल्याने कपाळाचा घाम पुसायला दोन्ही हात उचलले, आणि ढोलकी आपली वाजतेच आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं हा नवा विचार आहे. मग यंत्रातून कागदी फुलं उडाली, दोघं एकदम थांबली, आणि पाटलाने त्यांचं लग्न लावून दिलं. पैजेचं काय झालं, फड गावात राहिला की गेला, कुणाला पडलेली नाही.

दुसरा बोम्मसंद्र्याला, एका कारखान्याच्या कँटीनच्या हॉलमध्ये. तिथल्या मराठी तरुण मंडळींनी बसवलेला. जाताना होसूर रोडवर दीड तास गेला, ते त्यांच्या खात्यावर धरत नाही. लावणी नव्हतीच. काळे कपडे घातलेल्या आठ मुली जमिनीवर पडल्या आणि बराच वेळ उठल्या नाहीत. मी दोनदा उभी राहून बघितलं, कुणाला लागलं की काय. शेजारच्या बाईंनी मला पदर धरून खाली बसवलं आणि सांगितलं की त्या दुःख आहेत. असोत. पण शेवटी तुळसा काय करते, तर टाच मारून ढोलकी फोडते. आपल्याकडे वाद्याला चुकून पाय लागला तर आपण हात जोडतो. अण्णा तर पेटी ओलांडून गेलं की पुन्हा मागे फिरून नमस्कार करायला लावायचे. आणि ही बया भर सभेत चामड्यात पाय घालते, आणि खाली चर्चा काय, तर तिने व्यवस्था फोडली.

चर्चा प्रयोगानंतर ठेवलेलीच होती. माईक फिरत फिरत माझ्याकडे आला आणि मी उभी राहून एवढंच म्हटलं, की मूळ प्रयोग असा नव्हता, शेवट असा नव्हता, मला माहीत आहे, माझी सख्खी बहीण तुळसा होती. हॉलमध्ये शांतता पसरली. (टेलिफोन खात्यात असा परिणाम साधायला लाइन कापावी लागायची.) बाहेर चहाच्या टेबलापाशी प्रणीत नावाचा एक तरुण मला शोधत आला. मूळचा पुण्याचा, इथे कुठल्याशा कंपनीत आहे, आणि आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाला हेच नाटक तोच बसवतोय. त्याने मला वाकून नमस्कार केला. त्याच क्षणी मी सावध व्हायला हवं होतं.

तर तिसरा, अजून व्हायचा असलेला प्रयोग आपल्याच मंडळाचा. सेक्रेटरी अजून वादिराजच आहे, म्हणजे कुठलाही निर्णय झाला की तो "सरी, सरी", बरं बरं, म्हणतो आणि विरुद्ध निर्णय झाला तरी "सरी, सरी" म्हणतो. मला सल्लागार नेमलं आहे. गेले दोन महिने दर शनिवारी तालमीला जाते, आणि खरं सांगायचं तर इथली माणसं वाईट नाहीत. तुळसा करते ती श्वेता नागपूरची, दिवसभर ऑफिस करून येते, पायात पाच किलोचे चाळ बांधते आणि एकदाही कुरकुर करत नाही. ढोलकीला नागराज. देवनहळ्ळीचा, दिवसा विमानतळाची टॅक्सी चालवतो, त्याच्या गावच्या देवळात वाजवत मोठा झालेला. मराठी अक्षर येत नाही, पण श्वेताचा पाऊल उचलण्याआधीचा श्वास त्याला कळतो. रेकॉर्डिंगला कळेल का? त्यांचं बघून मी वादिराजला म्हटलं होतं, या वेळी मंडळाची इज्जत राहील.

आणि मग प्रणीतने शेवट सांगितला. शेवटच्या नाचात पाच मिनिटं झाली की दोघांनी थबकायचं, पडद्यावर एक चौकोन येणार, प्रेक्षकांनी आपापल्या मोबाइलवर तो टिपायचा आणि मत द्यायचं, तुळसा की ढोलकी. ज्याला मतं जास्त तो जिंकला. मला वाटलं हा चेष्टा करतोय. तो म्हणाला, "काकू, ऑडियन्सला ओनरशिप मिळते." मी म्हटलं, मालकी हवी असेल त्याने फ्लॅट घ्यावा. देवनहळ्ळीला भरपूर आहेत, नागराज दाखवेल. ज्या पैजेवर एका बाईचा आणि तिच्या फडाचा मुक्काम ठरायचा, ती पैज पुढच्या रांगेत चिवडा खात बसलेले लोक अंगठ्याने ठरवणार? आणि ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्यांचं काय? (आमच्या घरचे. अर्थात ते जागे असतील तर.)

प्रणीत भांडला नाही, तीच त्याची लबाडी. वहीत पेन अडकवून नम्रपणे म्हणाला, "मग मूळ शेवट काय होता ते सांगा ना काकू. तो बसवतो." सगळे माझ्याकडे बघायला लागले. नागराजने ढोलकी मांडीवरून उतरवली आणि त्याच्या त्या तीन भाषांच्या मिसळीत विचारलं, "अम्मा, स्वल्प सांगा. मी थांबायचं की मॅडमनी?" श्वेता चाळ सोडत होती, ती खालूनच म्हणाली, "सांगून टाका न काकू. मी हरते का, एवढंच सांगा. हरत असेन तर तसं नाचायला लागते, शेवटीशेवटी नाही, पहिल्या गाण्यापासून." ते तिचं बोलणं मला पटलं. इतकं शहाणपणाचं वाक्य त्या मुंबईच्या कंपनीत कुणी बोललं असतं तर ती गाय आली नसती.

मी म्हटलं, अशी गोष्ट घाईने सांगायची नसते, मी ती लेखी देईन. पुढच्या रविवारी बैठक आहे. त्या दिवशी मी मूळ शेवट दिला तर तो बसणार, नाही दिला तर मोबाइल. वादिराज दोन्हीला सरी म्हणून मोकळा झाला आहे. प्रयोग त्यानंतर तीन आठवड्यांनी. त्या वेळच्या मंडळींपैकी कुणाला विचारावं तर तुझा ढोलकीवाला मधुकर गेला, पाटील केलेले विद्याधरमामा गेले, फोटो काढणाऱ्याने मध्यंतराआधीच रीळ संपवलं होतं. म्हणजे तो शेवट ठाऊक असलेल्या जगात आपण दोघीच उरलो. असं इथे सगळे धरून चालले आहेत.

बाकी तुझ्या तब्येतीला जप. भाऊजींना सांग, इथे हवा छान आहे. लहानांना आशीर्वाद, आणि जे स्वतःला लहान समजत नाहीत त्यांनाही.

तुझी धाकटी,
वासंती

ता. क. वर "आपण दोघी" असं लिहिलं आहे. ते बरोबर नाही. तो नाच मी पाहिलेला नाही.

दुसऱ्या अंकाच्या मध्यावर मी हॉलच्या दारात हवा खायला उभी होते आणि फाटकातून अण्णा आले, छत्री हातात. मुलीने पायात चाळ बांधलेले त्यांना खपले नसते, म्हणून तू वाचनालयात आहेस अशी त्यांची समजूत होती, किंवा तशी आपली समजूत होती. मला सुचलं ते बोलले, की अक्का पडद्यामागे बायकांच्या साड्यांना पिना लावते आहे, आणि त्यांना हाताला धरून समोरच्या हॉटेलात नेलं. बाय-टू कॉफी मागवली, एकीचे दोन पेले. ती संपल्यावर आणखी एक. रस्त्यापलीकडून ढोलकी ऐकू येत होती. अण्णा बोटांनी टेबलावर ठेका धरून होते, एकदा म्हणाले, "वाजवतोय चांगला." ढोलकी थांबलेली मी ऐकली, टाळ्याही ऐकल्या. पण तुझे पाय तिच्याआधी थांबले होते की तिच्यानंतरही चालू होते, ते तिथवर ऐकू येत नव्हतं. टाळ्या विरल्यावर अण्णांनी पेला खाली ठेवला आणि म्हणाले, "चल, तिला घरी नेऊ. दमली असेल." पिना लावून कुणी दमत नाही, हे माझ्या लक्षात यायला मला घरापर्यंतचा रस्ता लागला.

त्या रात्री अंथरुणात तू मला विचारलंस, शेवटचा नाच कसा झाला, आणि मी म्हटलं, उत्तम. त्या एका शब्दावर मी इतकी वर्षं मूळ प्रयोगाची साक्षीदार आहे.

ता. क. दोन. तेव्हा तू ये. शनिवारी रात्री मिरजेहून गाडीत बसलीस की रविवारी सकाळी मी स्टेशनवर आहे. नागराज टॅक्सी आणणार आहे, त्याला तू कोण ते सांगितलं आहे, तो गाडी धुऊन आणणार म्हणाला. नाचून दाखवायचं नाही, खुर्चीत बसून हाताने दाखवलंस तरी श्वेताला कळेल. बैठक संपली की तुला परत जायला मोकळीक, पण प्रयोगापर्यंत राहिलीस तर बरं. त्या दिवशी कुणीही फाटकातून आलं तरी मी आतच बसणार आहे.

ता. क. तीन. तुलाही आठवत नसेल, तर तसं इथे कुणाजवळ बोलू नकोस. गाडीतून उतरलीस की घरी येईपर्यंत आपण दोघी ठरवू काय झालं होतं ते, आणि मूळ प्रयोग असाच होता म्हणून मी सांगेन. माझ्या शब्दाला इथे वजन आहे.