खुराड्यातला वास

बॉथेल, वॉशिंग्टन
१४ सप्टेंबर २००३

ती. अण्णांस,
सुमित्राचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. तुम्ही ईमेल शिकत नाही म्हणून रेखावहिनी चिडतात, पण मला तुमचं अक्षर बघायला बरं वाटतं. तुमच्या नादानं पाळलेल्या चारही कोंबड्या खुशाल आहेत. तांबडी खुडूक झालीय. पेटीत अंडं नसताना बसून राहते आणि हात घातला की टोचते. आई घरात अंड्याचं नावही काढू देत नव्हती, आणि आपण दोघं भावंडं देशाच्या दोन टोकांना खुराडी साफ करत बसलोय!

ह्यांची चौथी केमो झाली. अण्णा, पोटात पाणीसुद्धा ठरत नाही. उलटी थांबवायच्या गोळ्याही उलटून पडतात. वजन अकरा किलोंनी उतरलं. अंगठी सैल झाली म्हणून तिला दोरा गुंडाळून घालतात.

शेजारच्या लॉरेनबद्दल मागे लिहिलं होतं, ती निवृत्त नर्स, अकरा कोंबड्यांवाली. कुंपणाच्या फटीतून तिच्या कोंबड्या इकडे आणि आमच्या तिकडे करत असतात, त्यामुळे आमचं रोज बोलणं होतं. येत्या मंगळवारी सिअ‍ॅटलमध्ये मतदान आहे, गांजाच्या बारीकसारीक प्रकरणांना पोलिसांनी सगळ्यात शेवटी हात घालावा म्हणून. दाणे टाकता टाकता ती त्यावर भाषण देते. काल मात्र हळू आवाजात म्हणाली की ह्या राज्यात कॅन्सरच्या पेशंटला डॉक्टरच्या पत्रावर गांजा घेता येतो, आणि प्रल्हादला त्यानं जेवण जाईल. मी घाबरून आत आले. तुम्ही तीस वर्षं ऑपरेशन टेबलापाशी लोकांना भूल दिलीत. तुम्ही सांगाल तसं करीन.

वहिनींना नमस्कार. तुमच्या मायेवरच सगळं चाललंय, ती कमी पडू देऊ नका.

तुमची,
सुमित्रा


अल्फारेटा, जॉर्जिया
२२ सप्टेंबर २००३

चि. सौ. सुमित्रास,
अनेक आशीर्वाद.

तांबडीला दोन दिवस तारेच्या पिंजऱ्यात, पेंढ्याशिवाय ठेव. पोटाखाली गार हवा लागली की खूळ उतरेल. माझ्या सहांपैकी पाच जणींची पिसं गळताहेत. अंगणात उशी फाटल्यासारखं दिसतं आणि अंडी बंद आहेत. रेखा म्हणते की आता मालकानंच घालावीत.

दुसऱ्या गोष्टीचं उत्तर नाही असं आहे. राज्याचा कायदा काही म्हणो, देशाच्या कायद्यात तो गुन्हाच आहे. तुमचे नागरिकत्वाचे अर्ज आत गेलेले आहेत आणि मुलाखतीत ह्याबद्दल थेट विचारतात. एका चिलमीपायी दोघांना परत जावं लागेल, मग तुमच्या लेकीच्या, हिमानीच्या कॉलेजचं काय? उलटीवर नवी औषधं आहेत, त्यांच्या डॉक्टरांशी मी स्वतः बोलतो. लॉरेनबाईंना सांग की कोंबड्यांपुरतं बोला. वडील गेल्यापासून तू माझा शब्द मोडला नाहीस, हाही मोडू नकोस.

प्रल्हादरावांना धीर दे. तुम्हा सर्वांवर जीव आहेच, तो कागदावर काय लिहायचा.

तुझा,
अण्णा


बॉथेल
१७ नोव्हेंबर २००३

ती. अण्णांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचा शब्द पाळला. लॉरेनला म्हटलं की आमच्या घरात हा विषय पुन्हा नको. हे मागे खुर्चीत बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं.

आणि तुमच्या नव्या औषधानं चमत्कार केला म्हणायचा! गेला महिनाभर हे थोडं थोडं जेवतात. परवा आमटीभात खाऊन वर ताक मागितलं. सकाळी कोट घालून खुराड्यात जातात, उलट्या खोक्यावर तास दीड तास बसतात आणि येतात ते भूक लागली म्हणत. कोंबड्यांना नावं ठेवून झाली, आता त्यांना बातम्या सांगतात. मी चेष्टा केली की माझ्याशी एवढं कधी बोलला नाहीत, तर खूप हसले. बऱ्याच दिवसांनी ते हसणं ऐकलं.

एक कटकट आहे. खुराड्यात स्कंकचा, म्हणजे इथल्या त्या पट्टेवाल्या प्राण्याचा, उग्र वास येतो. हे म्हणतात जमिनीखाली बीळ असेल, तू वाकून बघू नकोस, मी बघतो. नवल म्हणजे कोंबड्या अगदी शांत असतात.

थंडीत तब्येत सांभाळा. आमची आठवण काढत जा.

तुमची,
सुमित्रा


अल्फारेटा
३ मार्च २००४

चि. सुमित्रास,
अनेक आशीर्वाद.

वरची ओळ लिहिताना हात सवयीनं ‘सौ.’कडे गेला आणि थांबला. कागद बदलला. तीन कागद बदलले.

तुझ्याकडून परतल्याला अडीच आठवडे झाले. हिमानी कॉलेजला गेली, म्हणजे घरात तू एकटीच आहेस. वेळेवर जेव. कोंबड्या जड होत असतील तर लॉरेनबाईंना देऊन टाक. ते खुराडंही काढून टाकलंस तरी चालेल, आणि लवकर काढलंस तर बरं.

करण्यासारखं होतं ते सगळं केलं गेलं. मनाला लावून घेऊ नकोस.

तुझ्या पाठीशी आहे.

अण्णा


बॉथेल
९ मे २००४

ती. अण्णांस,
शि. सा. न. वि. वि.

कोंबड्या मी दिल्या नाहीत. का, ते लिहिते, पण डॉक्टर होऊन वाचू नका.

मार्चअखेर एका धुक्याच्या सकाळी दाणे टाकायला गेले तर खुराड्यात तोच वास होता. ह्यांच्या आजारपणात यायचा, तो. तुमच्या सांगण्यावरून मी हिवाळ्यात माणूस बोलावून जमीन तपासली होती. बीळ कधी नव्हतंच. दाण्यांचं भांडं माझ्या हातात होतं, पण चारही कोंबड्या माझ्याकडे आल्या नाहीत. उलट्या खोक्यापुढे ओळीनं माना वर करून उभ्या होत्या, हे बोलायला लागले की राहायच्या तशा. मी खोक्यावर हात ठेवला. अण्णा, लाकूड कोमट होतं.

तेव्हापासून दमट दिवस असला की वास येतो. दोनदा खोकल्यासारखं ऐकू आलं. मला भीती वाटत नाही. मी शेजारी पेंढ्यावर बसते आणि हिमानीच्या परीक्षेचं वगैरे सांगते.

शेवटचे तीन आठवडे मात्र डोळ्यांपुढून हलत नाहीत. जानेवारीत पडले आणि बिछान्याला खिळले, तशा उलट्या पुन्हा सुरू झाल्या. रोज एकच मागणं असायचं, मला कोंबड्यांकडे ने. बाहेर पाऊस, अंगात ताकद नाही, कशी नेऊ? लॉरेन दोनदा दाराशी आली, हातात लहानशी डबी होती. तिच्यात काय असणार ते कळलं, म्हणून मी लॉरेनला आत घेतलं नाही. शेवटी एक दिवस तांबडीलाच टोपलीत घालून त्यांच्या उशाशी आणली. म्हटलं, घ्या, तीच आली भेटायला. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला, माझ्याकडे बघून हसले आणि मग रडायला लागले. मला वाटलं आनंदानं रडताहेत.

उत्तर लवकर पाठवा. फार एकटं वाटतं.

तुमची,
सुमित्रा


बॉथेल
११ जुलै २००४

ती. अण्णांस,
शि. सा. न. वि. वि.

मेच्या पत्राला उत्तर नाही. बरे आहात ना? तरीही आज लिहिल्याशिवाय राहवत नाही.

काल उन्हाळ्याची साफसफाई म्हणून अंडी घालायच्या पेट्या भिंतीपासून ओढल्या. मागच्या फळीआड कॉफीचा डबा होता. त्यात चिलीम, काड्यापेटी, आणि एक घडी घातलेलं पत्र. डॉक्टरांचं, ह्यांच्या नावाचं, ६ ऑक्टोबर २००३चं. आपण नाही म्हटल्याला जेमतेम दोन आठवडे झाले होते.

तशीच डबा घेऊन कुंपणाशी गेले. लॉरेननं डबा पाहिला आणि तिच्या हातातला दाण्यांचा मग खाली पडला. म्हणाली, तो रोज सकाळी खुराड्यात बसायचा, मी फटीतून देत होते. तुला सांगायचं नाही म्हणून त्यानं शपथ घातली होती. सुमित्राला कळलं तर ती भीतीनं झोपणार नाही, आणि उद्या कुणी विचारलंच तर तिला खरं खरं माहीत नाही म्हणता यावं, असं त्याचं म्हणणं होतं.

म्हणजे जेवण तुमच्या औषधानं जात नव्हतं. आणि ते कोंबड्यांकडे ने म्हणत होते ते कोंबड्यांसाठी नव्हतं. मी औषध मागणाऱ्या माणसाला कोंबडी आणून दिली, अण्णा. माझी भीती एवढी मोठी होती की मरतानाही त्यांना ती ओलांडून मला सांगता आलं नाही.

वास कसला होता ते आता कळलं, पण तो थांबलेला नाही. आज सकाळीही होता. डबा तर माझ्या स्वयंपाकघरात आहे.

मला काहीतरी लिहा. रागावलात तरी चालेल.

सुमित्रा


अल्फारेटा
२६ जुलै २००४

चि. सुमित्रास,
आशीर्वाद द्यायचा हक्क राहिला आहे की नाही, ते हे पत्र वाचून तू ठरव.

जानेवारीत एका दुपारी तू औषधांच्या दुकानात गेली होतीस तेव्हा प्रल्हादरावांचा मला फोन आला. आवाज ओळखू येत नव्हता. खुराड्यातलं सगळं त्यांनी सांगितलं. म्हणाले, आता चालत जाता येत नाही, सुमित्रा लॉरेनला दारातून परत पाठवते. ती माझं ऐकणार नाही, तुमचं ऐकेल. तुम्ही फक्त हो म्हणा.

मी म्हटलं, विचार करून उद्या फोन करतो.

केला नाही. ऑपरेशन टेबलापाशी मी तीस वर्षं क्षणात निर्णय घेतले. इथे मला एवढंच म्हणायचं होतं की सप्टेंबरात माझं चुकलं. नऊ दिवस मी फोनजवळून जात होतो. दहाव्या दिवशी तुझा फोन आला, ते गेल्याचा. तुझ्या घरी येऊन तुला जवळ घेतलं आणि म्हणालो की शक्य होतं ते सगळं केलं. पत्रातही तेच लिहिलं. खुराडं काढून टाक म्हणालो ते तुझ्या काळजीनं नव्हे. डबा कुठेतरी तिथेच असणार, हे मला ठाऊक होतं.

तू वाहते आहेस ते ओझं तुझं नाही. तू माझा शब्द पाळलास, एवढीच तुझी चूक.

माझ्या कोंबड्या काल देऊन टाकल्या. सकाळी त्यांच्यासमोर उभं राहवत नाही.

हेमचंद्र


बॉथेल
२० सप्टेंबर २००८

ती. अण्णांस,
शि. सा. न. वि. वि.

चार वर्षांनी लिहिते आहे. त्या जुलैच्या पत्रानंतरची तुमची सगळी पत्रं मिळाली. तुमचं पाकीट ओळखून ते ड्रॉवरमध्ये ठेवत गेले. काल सगळी एकदम उघडली.

धुकं पडलं की वास अजून येतो. लॉरेनला येत नाही. तांबडी म्हातारी होऊन गेली. आता ज्या कोंबड्या आहेत त्यांनी ह्यांना कधी पाहिलेलं नाही, तरी खोक्यापुढे थांबतात. मी आता त्याचं कारण शोधत नाही.

गेल्या वर्षी मी नागरिकत्वाची शपथ घेतली. आणि गेल्या महिन्यात लॉरेनबरोबर एका सभेला गेले. पेशंटनं दोन महिन्यांसाठी किती गांजा जवळ ठेवावा हे राज्याचं आरोग्य खातं ठरवणार होतं, त्यासाठी लोकांचं म्हणणं ऐकत होते. प्रत्येकाला दोन मिनिटं. कुणी व्हीलचेअरवर, कुणी डोक्याला रुमाल बांधलेलं. त्यात साडी नेसलेली मीच एकटी.

माइकवर मी नाव सांगितलं, ह्यांचं नाव सांगितलं, खुराड्याचं सांगितलं. हसतील असं वाटलं होतं, पण कुणी हसलं नाही. टेबलामागच्या बाईंनी नरमाईनं विचारलं की तुमच्या नवऱ्याला साधारण किती लागायचं? त्यांना आकडा हवा होता. मी म्हटलं, मला माहीत नाही. मी त्यांना कधी विचारलंच नाही.

बराच वेळ शिल्लक होता. मी तशीच उभी राहिले आणि कुणी मला बसा म्हणालं नाही. माझी दोन मिनिटं मी पूर्ण घेतली.

वहिनी फोनवर म्हणतात, तुम्ही आता कुणाशी फारसं बोलत नाही. ऑक्टोबरात इकडे या, अण्णा. विमानतळावर मी स्वतः गाडी घेऊन येईन, गेल्या वर्षी ड्रायव्हिंग शिकले. राग गेलाय असं समजू नका. तो आहे. पण इतकी वर्षं पाकिटांवर धरला, आता तुम्हाला समोर बसवून धरायचा आहे.

वाट बघते.

तुमची धाकटी बहीण,
सुमित्रा