शनिवारची पुढची खोली

मी, सरला श्रीपाद दाते, वय चौऱ्याहत्तर, सरकारी शाळेतून निवृत्त झालेली गणिताची शिक्षिका, राहणार मयूर विहार, दिल्ली, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कुणाच्याही दबावाशिवाय लिहिते आहे. गुडघे कामातून गेले आहेत, डोकं शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. माझ्या नावावरचा हा फ्लॅट माझा एकुलता एक मुलगा चिन्मय याला मिळावा. अट एकच. पुढच्या खोलीत दर शनिवारी माझा वर्ग भरतो, तो भरत राहिला पाहिजे. सरकारी शाळांतली जी मुलं सगळ्यांच्या आधी गणित सोडवून रिकामी बसतात, ती इथे येतात. फी नाही. माझ्यामागे वर्ग माझी विद्यार्थिनी इशिता चालवील. ती चालवते आहे तोवर फ्लॅट विकता येणार नाही. चिन्मयने वर्ग बंद पाडला, तर फ्लॅट इशिताचा.

चिन्मय म्हणतो, "आई, हुशार मुलं आपोआप शिकतात यार. आणि कोचिंग आहे ना त्यांच्यासाठी." कोचिंग ऐपतवाल्यांसाठी असतं, बाळा. तुझी फी आम्ही भरली, म्हणून तुला हे कधी कळलं नाही. राग मानू नकोस.

२. इशिता कोण, हे उद्या कोर्टात कुणी विचारायला नको म्हणून सांगते. तिचे वडील मेट्रो स्टेशनबाहेर ई-रिक्षा चालवतात. आठवीत ती माझ्या वर्गात आली. आमच्या शाळेची रीत अशी, की ज्याचं गणित आधी होईल त्याला मॉनिटरचा बिल्ला लावायचा आणि इतरांच्या वह्या तपासायला बसवायचं. सहावीपासून इशिता वह्याच तपासत होती. एक दिवस म्हणाली, "मैडम, मैं कब पढ़ूँगी?" मी बिल्ला काढून घेतला आणि तिच्या हातात दहावीची भूमिती दिली.

मुख्याध्यापक यशपाल अरोरा यांनी मला बोलावून घेतलं. "होशियार बच्ची है, अपने आप पढ़ लेगी. बाकियों को कौन सँभालेगा?" मी म्हटलं, बाकीच्यांना सांभाळायचा पगार मला मिळतो, तिला नाही. त्यानंतर माझ्या वाट्याला कायम जेवणानंतरचे पेंगुळलेले तास आले. इशिता आज त्याच शाळेत गणित शिकवते.

३. फळा, लाकडी कंपास आणि कपाटातली पुस्तकं इशिताला. बँकेतली ठेव चिन्मयची, पण वर्ग आहे तोवर तिचं व्याज मुलांच्या खाऊसाठी. उपाशीपोटी भूमिती डोक्यात शिरत नाही.

४. तो बिल्ला माझ्या खणात आहे. अरोराजी आमच्याच सोसायटीत राहतात, त्यांना तो द्यावा असं फार मनात होतं. पण वकील म्हणतात, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये, आणि साक्षीदार मी मुद्दाम त्यांनाच केलं आहे. त्यांनी हे एकदा ऐकावं, एवढीच इच्छा. बिल्ला भंगारात द्यावा.

५. हे कलम सह्यांच्या आधी वाढवलं. वरचं सगळं मी अरोराजींना हिंदीतून वाचून दाखवलं. ते चिडतील अशी माझी तयारी होती. ते चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "सरला जी, मेरी पोती भी सरकारी स्कूल में है. सबसे पहले सवाल कर लेती है, फिर बैठी कॉपियाँ जाँचती रहती है. शनिवार को भेज दूँ?"

पाठवा, म्हटलं. इशिता, त्यांच्या या नातीला वर्गात घ्यावं. तिच्याकडून कुणाचीही वही तपासून घेऊ नये.

सही: सरला श्रीपाद दाते

आम्हां दोघांसमोर सरलाबाईंनी सही केली, आणि त्यांच्यासमोर आम्ही:
१. यशपाल अरोरा, निवृत्त मुख्याध्यापक
२. संपदा नाडकर्णी, शेजारीण

मयूर विहार, दिल्ली
९ फेब्रुवारी २०२५