भगोण्यातला सलाम

आई, मोठं भगोणं अजून आहे. काठाला एक पोचा पडलाय, आणि कल्हईवाला आता गावभर शोधावा लागतो, पण भगोणं आहे. काठावरची अक्षरं घासून घासून पुसट झालीत, तरी बोट फिरवलं की लागतात: मेथीडिस्ट मंडळी, नाशिक. भांडीबाजारातल्या नाव घालणाऱ्याने 'मेथोडिस्ट'चं 'मेथीडिस्ट' करून ठेवलं आणि तू ते घरी आणेपर्यंत कुणाच्या लक्षातच आलं नाही. बाबा म्हणाले, परत नेऊन दुरुस्त करून आण. तू म्हणालीस, "पितळेवर कोरलेलं खोडता येत नाही. आणि आपण कोण ते देवाला ठाऊक आहे." तेव्हापासून गल्लीतली पोरं आपल्याला मेथीवाले म्हणायची आणि मी शाळेतून मान खाली घालून घरी यायचे. आज सकाळी तेच भगोणं गावाकडच्या मंडळीकडून परत आलं. तळाशी पसाभर बाजरी. सलाम नाही. सून म्हणाली, "नुसती बाजरीच होती, आई." मी तिच्यादेखत बाजरीत हात घातला, ती आत गेल्यावर पुन्हा घातला, आणि जेवणानंतर सगळी बाजरी परातीत ओतून पाहिली. म्हणून आज लिहायला बसले.

तुला हे सांगायला नको, पण मलाच एकदा सगळं सरळ मांडून बघायचंय. तेव्हा आपल्या चर्चच्या तीन मंडळ्या होत्या: ही शहरातली, देवळाली कॅम्पातली आणि सिन्नरकडच्या त्या गावातली. पाळक एकच, त्याला सायकल एकच. तिसऱ्या रविवारी गावाची पाळी यायची आणि पाळक आजारी पडला की महिनाभर तिथे उपासना नसायची. दर काही वर्षांनी पाळकांची बदली व्हायची. नवे पाळक येऊन सगळ्यांची नावं पाठ करेपर्यंत पुढच्या बदलीचं पत्र. तू म्हणायचीस, "पाळक येतात-जातात, भगोणी राहतात." घराघरातून फुटके तांबे, बिनकानाच्या कढया, मोडीचं पितळ गोळा करून तू ती तीन भगोणी घेतलीस. चर्चला खोली नव्हती म्हणून ती आपल्या खाटेखाली. कॅम्पात लग्न असलं, गावात कापणीची उपासना असली, कुठे कुणाची माती असली की भगोणी निघाली एस.टी.च्या टपावर. आणि तुझा एकच नियम: भांडं रिकामं परत यायचं नाही. पसाभर धान्य, आणि धान्यात एक चिठ्ठी. कोण आजारी, कोण बाळंत झाली, कुणाचा मुलगा घर सोडून गेला. रविवारी उपासना सुटल्यावर आपण दारात हातात हात घेऊन सलाम म्हणतो, तसा हा न भेटलेल्यांचा सलाम. चिठ्ठी म्हणायचंच नाही. "भगोण्यात सलाम आलाय का बघ." बुधवारी बायकांच्या प्रार्थनेत तू तो वाचायचीस आणि गुरुवारी बालवाडी सुटली की पिशवी उचलून निघायचीस.

मला याचा राग यायचा. आता सांगते. परीक्षेच्या दिवशी तू कॅम्पात कुणाच्या बाळंतिणीपाशी, मला ताप आला तर तू गावात कुणाच्या सासूचे पाय चेपत. घरात पाऊल टाकलं की आधी खाटेखालच्या पितळेला ठेच लागायची. मला वाटायचं, तुझ्या मंडळीत मीसुद्धा एक घर आहे, आणि माझा सलाम तुला कधी पोचत नाही.

आणीबाणी उठून वर्षभर झालं असेल. मी डी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला, आणि शनिवारी पुण्याची माणसं मला बघायला येणार. घरातलं हे पहिलंच बघणं. मी आठवडाभर तुला बजावत होते, "आई, या शनिवारी तरी घरात राहा." तू हसून म्हणाली होतीस, "अगं, माझ्याच घरचं आहे, मी कुठे जाते?" शुक्रवारी दुपारी कंडक्टरने भगोणं चौकात उतरवलं आणि मी ते कमरेवर घेऊन घरी आले. तू अजून बालवाडीत आहेस. मी स्वयंपाकघरात बसून बाजरी सुपात काढते, आणि कागदाची पुडी हाताला लागते. पेन्सिलीने लिहिलेलं, अक्षर म्हाताऱ्या बायबलबाईंच्या पुतणीचं. बाई अंथरुणाला खिळल्यात. अन्न बंद आहे. तुझं नाव घेतात. लवकर ये.

बायबलबाई म्हणजे तुझी बाई. घरोघर फिरून बायकांना शुभवर्तमान वाचून दाखवणारी आणि ते वाचता यावं म्हणून आधी पाटीवर अक्षरं गिरवून घेणारी. आईविना वाढलेल्या तुला तिने अक्षरं शिकवली, लुगडं नेसायला शिकवलं, बाबांशी लग्नही तिनेच जमवलं. चिठ्ठी वाचल्या वाचल्या मला पुढचं सगळं दिसलं. तू चारची एस.टी. पकडणार, शनिवारी नसणार, आणि पुण्याच्या माणसांपुढे बाबा अवघडून बसणार. मी म्हटलं, एकच दिवस. शनिवारी पाहुणे गेले की देईन. चिठ्ठीची घडी घातली आणि माझ्या गीतांच्या पुस्तकात ठेवली. कुठे ठेवली तेही सांगते, म्हणजे माझं शहाणपण तुला कळेल. विवाहाच्या गीतांत. दुसरं काही सुचलंच नाही.

तू आलीस. पदराने तोंड पुसलंस आणि विचारलंस, "सलाम?"

"नाही. नुसती बाजरी आहे."

तू सुपाशी बसलीस आणि बाजरीत मनगटापर्यंत हात घालून चाचपलंस. मग भगोण्यात वाकून पाहिलंस. "असं कधी झालं नव्हतं," एवढंच म्हणालीस. मी उगाच चुलीवरचं आधण ढवळत बसले. ते नुसतं पाणी होतं, आई.

पाहुणे आले, पोहे खाल्ले, मला एक गीत म्हणायला लावलं आणि कळवतो म्हणाले. अजून कळवताहेत. ते निघेपर्यंत दिवेलागण झाली होती, शेवटची गाडी गेलेली. मी म्हटलं, आता उद्या उपासनेनंतर. रविवारी उपासनेत परगावच्या मंडळीचा सलाम द्यायची वेळ आली तेव्हा मागच्या बाकावरून गावचा एक माणूस उठला. त्याच्या अंगावर धूळ होती. त्याने सलाम दिला नाही. टोपी हातात धरून म्हणाला, "बायबलबाई पहाटं गेल्या. तीन वाजता माती हाय." मी तुझ्याकडे पाहिलं नाही. तुझी बांगडी बाकावर आपटल्याचा आवाज तेवढा ऐकला.

गावच्या ख्रिस्ती कबरस्तानात निवडुंगाचं कुंपण होतं आणि सावली कुठेच नव्हती. पाळकसाहेबांनी गीत सांगितलं. घाईत तुझं पुस्तक घरीच राहिलं होतं. तू माझ्यापुढे हात केलास, माझ्याकडे न बघता, आणि मी पुस्तक दिलं. द्यायच्या आधी ते लक्षात आलं नाही, दिल्यावर आलं. ज्या कुणी गीतांची मांडणी केली त्याने विवाहाच्या पाठोपाठच अंत्यविधी लावलाय. मधे चार पानंसुद्धा नाहीत. मी तुझ्या शेजारी उभी, तुझा अंगठा पानावर, आणि मी फक्त अंगठा बघते. सगळे गाताहेत. तू गातेयस की नुसते ओठ हलताहेत ते मला ऐकू येत नाही. मी एक मूठ माती टाकली ती कबरीत पडली की बाहेर, तेही आठवत नाही.

माती झाल्यावर पुतणी आली. डोळे कोरडे, आवाज कोरडा. चार बायका तिच्या मागे.

"आक्का, सलाम धाडला व्हता. माझ्या हातानी भगुन्यात ठिवला. दोन दिस म्हातारी दाराकडं बघत व्हती. येस्टी वाजली की म्हनायची, आली बघ माझी लेक."

मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं, आई. पण तू आधी बोललीस. "मिळाला होता गं. माझंच चुकलं. घरी पाहुणे होते."

ती म्हणाली, "पावनं," आणि पाठ फिरवून गेली. त्या दिवशी गावात आपल्याला कुणी पाणी विचारलं नाही.

मग ते सगळं. नाताळाला गावाने आपली भगोणी मागितली नाहीत, मंडपवाल्याची भाड्याने आणली. प्रीतिभोजनाला तिन्ही मंडळ्यांची एक पंगत बसायची, त्या वर्षी गावची जागा रिकामी राहिली, आणि रस्सा इतका उरला की कॅम्पातल्या बायका डबे भरून घेऊन गेल्या. त्यांच्यातच कुजबुज, शहरवाल्यांना आता खेड्याची लाज वाटते. पाळकसाहेब दोनदा समजूत घालायला गेले आणि चहा पिऊन परत आले. एका चिठ्ठीने, आई. इकडे मी डी.एड.च्या सरावासाठी शाळेतल्या मुलांपुढे पाठ घेतेय, फळ्यावर लिहितेय आणि मनात एकच, सांगावं का. सांगितलं तर तू खोटी ठरणार. चारचौघांत, कबरीपाशी, स्वतःवर घेतलेलं खोटं. असं मी स्वतःला समजावत होते. खरं म्हणजे मी घाबरत होते.

तू गप्प बसली नाहीस. दर दुसऱ्या शनिवारी गावाला जायला लागलीस. बायबलबाईंच्या ओट्यावर बसून त्यांची पाटी काढलीस आणि ज्या येतील त्या बायकांना अक्षरं शिकवायला लागलीस. पहिल्या महिन्यात एकही आली नाही. तू दोन तास ओट्यावर बसून संध्याकाळच्या गाडीने परत आलीस. बाबा म्हणाले, "कशाला अपमान करून घेतेस?" तू म्हणालीस, "बाईचं काम पडलंय, ते कुणीतरी करायला हवं." दुसऱ्या महिन्यात दोघी आल्या. दीड वर्षाने, माझं कॅम्पात लग्न होऊन मी पहिल्यांदा माहेरपणाला आले होते तेव्हा, दारात पुतणी उभी. "आक्का, कापनीची उपासना हाय. भगुनं नेते." तिने माफी मागितली नाही, तूही नाही. भगोणं मागायला येणं म्हणजेच ते होतं. तू खाटेखाली वाकलीस आणि बराच वेळ वर आली नाहीस.

मात्र एक झालं. त्या रविवारनंतर तू मला कधीही विचारलं नाहीस, सलाम आलाय का. भगोणं आलं की स्वतः रिकामं करायचीस. मी म्हणत राहिले, तसंही मी लग्न होऊन गेले, योगायोग असेल.

पुढच्या दशकात तू गेलीस तेव्हा चार दिवस अंथरुणावर होतीस आणि तिन्ही मंडळ्या आपल्या दोन खोल्यांत मावत नव्हत्या. गावची पुतणी तुझे पाय चेपत होती. तिसऱ्या दिवशी दुपारी आत्या चहा टाकायला उठली, पुतणी नळावर गेली आणि आपण दोघीच उरलो. मी तुझा हात धरला. विचारायचं एकच होतं. तू डोळे उघडून माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालीस, "पाणी दे." मी पाणी दिलं. तोवर आत्या कप घेऊन आली.

आता भगोणी माझ्या ओट्याखाली असतात. सलाम आला की मी त्याच दिवशी निघते, हातातलं टाकून. नातवाचा वाढदिवस टाकून गेलेय. लोक म्हणतात, अगदी आईवर गेली. त्यांना काय सांगू, तू मायेने जायचीस, मी भीतीने जाते. आज दुपारी शेवटी गावी फोन लावला. पुतणीची लेक हसली, "आवो मावशी, समदी बरी हायेत यंदा. लिहायचं काय?" म्हणजे सून खरं बोलत होती. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. तिच्याकडे बघायला मला आता लाज वाटते. पण तू माझ्याकडे बघत राहिलीस, इतकी वर्षं, मला वाढत राहिलीस, माझं बाळंतपण केलंस.

हे पत्र मी त्याच गीतांच्या पुस्तकात ठेवणार आहे, चिठ्ठीशेजारी. म्हणून एक सांगून टाकते. तुला माहीत होतं की नाही, कोण जाणे, असं मी आजवर स्वतःला म्हणत आले. ते खरं नाही. त्या संध्याकाळी गावाहून परतल्यावर तू पुस्तक माझ्या हातात दिलंस आणि चूल पेटवायला गेलीस. मी ते लगेच उघडलं होतं. चिठ्ठी विवाहाच्या गीतांत नव्हती. बाईंच्या कबरीपाशी जे गायलो त्या पानात होती, नीट चौघडी करून. मी घडी एकच घातली होती.