सोडा आणि पित्ताची गोळी

ता. ४

चि. धाकटीस दादाचे अनेक आशीर्वाद, वि.वि.

आज सकाळी देवाला हात जोडले आणि पेलाभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून प्यायलो. महिनाभर हाच नेम आहे. तूच लिहिलं होतंस ना, यकृतातल्या पेशी बायकार्बोनेट सोडतात तेव्हा पित्त वाहतं? सोड्याच्या डब्यावर तेच नाव छापलंय. मग पित्त अडलंय म्हणून डॉक्टरांनी दिलेली गोळी हवी कशाला? तिच्या तर नावातच ॲसिड! तुझी वहिनी म्हणते, अशानं एक दिवस भज्यासारखे फुगाल. पित्ताची खाज मात्र हटत नाही. रंधा धरला की तळहात पेटतात. सुतारकाम अर्ध्यावर आलंय. तुझ्या प्रयोगशाळेत विचारून बघ, सोडा किती घ्यावा.

माया आहेच, ती असू दे.
तुझा दादा

ता. ९

ती. दादास साष्टांग नमस्कार, वि.वि.

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग दाराला कडी लावून रडले. अरे शहाण्या, प्यायलेला सोडा पोटातल्या आम्लातच विरतो. उरलासुरला रक्तात जातो आणि लघवीवाटे निघून जातो. पित्तनलिकांमधलं बायकार्बोनेट तिथल्या पेशी स्वतः घडवतात. ते घडताना आत आम्ल उरतं. पेशी ते मागच्या दारानं रक्ताकडे काढून देते आणि बायकार्बोनेट पुढच्या दारानं पित्तात सोडते. त्याच्यामागे पाणी येतं, पित्त वाहतं. तुझं पुढचं दार अडकलंय, म्हणून साचलेलं पित्त पेशींनाच जाळतंय. गोळीतलं आम्ल अगदी सौम्य आहे. ते दार उघडायलाच मदत करतं. आज नुसती सूज आहे. उद्या यकृत निबर झालं, तर गोळीही हात टेकेल. आई-बाबांमागे मला माहेर म्हणजे तूच. एवढा हट्ट सोड.

वहिनीला नमस्कार. रागावले तरी तुझीच,
धाकटी

ता. १५

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद, वि.वि.

तुझं पत्र वहिनीनं मोठ्यानं वाचलं. शहाण्या हा शब्द तर मुद्दाम दोनदा. खरं सांगू? भीती ॲसिडची नव्हती. डॉक्टर म्हणाले होते, गोळी जन्मभर घ्यावी लागेल. ती घेतली की आपण आजारी आहोत हे कबूल करणं आलं. सोडा काय, धडधाकट माणूसही पितो.

काल पुन्हा दवाखान्यात गेलो, काही न लपवता सांगितलं. रात्री जेवण झाल्यावर देवाचं नाव घेतलं आणि वहिनीच्या देखत पहिली गोळी गिळली.

तुझा दादा