कागद निळा आला

२ डिसेंबर १९६३, भूम
सकाळच्या एस.टी.नं तुळजापूरहून निघाले, दुपारी शाळेत रुजू झाले. मुलींची शाळा लहान आहे, पण शास्त्राचं कपाट बरं आहे. परीक्षानळ्या, स्पिरिटचा दिवा, लिटमसचे कागद. राहायला महारुद्र अण्णांच्या घरातली रस्त्याकडची खोली मिळाली. पूर्वेला खिडकी, सारवलेली स्वच्छ जमीन. अण्णा आजारी, अंथरुणावर असतात. त्यांच्या पत्नी अयोध्याबाई हसतमुख. माझी ट्रंक स्वतः उचलून आत आणली आणि म्हणाल्या, “मास्तरीणबाई, ह्यात पुस्तकं हायेत का धोंडं?” बऱ्याच दिवसांनी हसू आलं. ह्यांना जाऊन वर्ष होत आलं. ह्यांचा फोटो ट्रंकेतच राहू दिला.

५ डिसेंबर
अण्णांच्या आणि माझ्या खोलीच्या मध्ये एका विटेची भिंत आहे. अण्णांचा श्वास ऐकू येतो. खोल, एकसारखा, चढ चढून आलेल्या माणसासारखा, आणि माणूस तर आडवा. ओळखीचा आहे हा श्वास. शेवटी शेवटी हे असाच घेत होते. आज भिंतीला पाठ लावून वह्या तपासायला बसले. सगळ्या तपासून झाल्या. एवढं काम वर्षभरात एका बैठकीत झालं नव्हतं.

९ डिसेंबर
अण्णा आणि अयोध्याबाई सोलापूरच्या डॉक्टरांना दाखवून आले. मूत्रपिंडं काम करत नाहीत, म्हणून रक्तात आम्ल साठतं, आणि ते कमी करायला शरीर असा श्वास घेतं, असं त्यांनी सांगितलं. रक्त धुणारं यंत्र निघालं आहे म्हणे, पण ते आपल्यासारख्यांना कुठलं मिळणार. इथं उपाय एकच, पाण्यातून खाण्याचा सोडा. कमी पडला तर श्वास चढेल, जास्त झाला तर हातपाय वळतील. म्हणून रोज लघवीत तांबडा लिटमस बुडवून पाहायचा. निळा झाला तर सोडा अर्ध्यावर आणायचा, तांबडा राहिला तर वाढवायचा. कागद शाळेत, त्यामुळे हे काम माझ्याकडं आलं. बाटली पिशवीत वह्यांखाली ठेवून नेते.

खाण्याचा सोडा. ह्यांच्या वेळी कुणी बोललं नाही. भज्यांसाठी आणलेली पुडी आमच्या फडताळात होती.

२० डिसेंबर
आठवडाभर कागद तांबडाच, रोज सोडा वाढवला. आज निळा आला. अण्णा उठून बसले, दुधात भाकरी कुस्करून खाल्ली. अयोध्याबाई शेजारणींना सांगत होत्या, “बाईंच्या कागदानं माझं कुंकू राखलं.” मला बरं वाटायला हवं. भिंतीपलीकडं आता काही ऐकू येत नाही. झोप लागत नाही.

१५ जानेवारी १९६४
काल संक्रांत झाली. आज अंगणात हळदीकुंकू होतं. मला बोलावलं नाही, बोलावत नसतातच. तिळगुळाची वाटी खिडकीतून आत आली, वर झाकण ठेवून. बाहेर कुणीतरी म्हणालं, “अयोध्ये, धनी उठून बसलं तर लई नटाया लागलीस गं!” त्यावर त्या म्हणाल्या, “मंग! नटू न्हाय तर काय करू?” आतून अण्णा हसले. मला स्पष्ट ऐकू आलं. ह्यांचं हसणं मला आता आठवत नाही. त्यांच्या घरी माणूस हसतो आणि मला आठवतसुद्धा नाही.

१६ जानेवारी
कागद तांबडा राहिला. घरी येऊन निळा आला म्हणून सांगितलं. त्यांनी सोडा अर्ध्यावर आणला.

२० जानेवारी
आजही निळाच सांगितला. भिंतीपलीकडं श्वास सुरू झाला आहे. तोच. हे परत आले. उशी भिंतीकडं केली. गाढ झोपले.

२४ जानेवारी
अयोध्याबाई दोनदा येऊन गेल्या. कागद नक्की निळा हाय न्हवं, मंग ह्यास्नी एवढी धाप का लागती. मी हो म्हटलं. त्यांचे डोळे सुजले होते. उद्या खरं सांगेन. उद्या नक्की —

२५ जानेवारी
पहाटे अण्णा गेले.

७ फेब्रुवारी
अयोध्याबाई भावांबरोबर माहेरी सोनारीला गेल्या. कपाळ मोकळं. जाताना माझा हात धरून म्हणाल्या, “आता तुमी आन् मी सारख्याच की वं, बाई.” रागानं नाही, मायेनं म्हणाल्या. घराला कुलूप लावलं. किल्ली माझ्याकडं दिली.

८ फेब्रुवारी
श्वास चालू आहे.
भरदुपारी कुलूप काढून पाहिलं. खोली रिकामी. बाज भिंतीला उभी करून ठेवलेली. तिथं काही ऐकू येत नाही. माझ्या खोलीत आले की पलीकडून —

७ फेब्रुवारी
दोन आहेत. एक सोडतो तेव्हा दुसरा घेतो. ह्यांचा कुठला, ते आता ओळखू येत नाही. आधीही येत होतं का —

१३ फेब्रुवारी
शाळेत. फळ्यामागून. लिहिता लिहिता खडू थांबला. पुढच्या मुलींनी विचारलं, बाई, धावत आलात का, एवढी धाप का लागली.
श्वास रोखून पाहिला. दोन्ही थांबले.

१४ फेब्रुवारी
रजा टाकली. खाण्याच्या सोड्याची नवी पुडी आणली. पेल्यात पाणी घेऊन चमचाभर टाकला. तांबडा कागद बुडवला. निळा व्हायलाच हवा. मुलींना मीच शिकवते.
तांबडा.
दुसरा घेतला. तांबडा. चाखून पाहिलं, सोडाच आहे. आणखी एक चमचा टाकला. दार लावून खिडकीपाशी बसले आहे. उजव्या हातानं लिहिते, डाव्यानं ढवळते. सगळा विरघळला की पुन्हा कागद बुडवेन, आणि नाही झाला निळा तर आणखी एक —